सुलभाताई, मोहल्ला कोणता?

सुलभाताई, आमचं खाप्याचं घर तू कधी पाहिलं नाहीस. "ने ना एकदा," असं तू कितीदा म्हणालीस, आणि मी दरवेळी काहीतरी कारण काढून टाळलं. कारण एवढंच की घराच्या मधोमध एक खड्डा होता. मागाचा खड्डा. विणणारा माणूस त्यात पाय सोडून बसतो. आधी आजोबा बसले, मग बाबा. पातळांना गिऱ्हाईक राहिलं नाही तसा माग लाकडाच्या भावात गेला, पण खड्डा कुठं जाणार? आई त्यात काटक्या आणि गोवऱ्या रचायची. पाहुणे आले की वरून फळी टाकायची, फळीवर सतरंजी, आणि पाहुण्याला तिथंच बसवायची. पाहुण्याखाली फळी वाजली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाबा मग पहाटेच्या गाडीनं कळमन्याच्या धान्यबाजारात हमालीला जायला लागले. एका हंगामात त्यांच्या टोळीवर पोती फोडून धान्य काढल्याचा आळ आला. बाबांनी फोडली नव्हती. कोणी फोडली ते कळलंही नाही. पण अडत्यानं टोळीच बदलली, आणि तो सगळा हंगाम बाबा घरी त्या खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसून राहिले, माग अजून तिथंच असल्यासारखे. मी शाळेतली मुलगी, तोंडाळ. तुम्ही सांगितलं काहून नाही, असं विचारलं. बाबा माझ्याकडे न बघताच बोलले, "सांगू का नुसतं? दाखवाले काय होतं आपल्यापाशी?"

हे मी तुला कधीच सांगितलं नाही. देवरावचं प्रकरण चालू होतं तेव्हा सांगायला पाहिजे होतं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. तुझ्या घरी, शहरातल्या महाल भागात, चार पिढ्या कचेरीत लिहिणारे, वाचणारे. मी आपल्या कारखान्यात लागले तेव्हा पहिले काही दिवस फार जपून बोलायची, "मला-तुला" करत. तू ऐकून घेतलंस आणि एक दिवस डबा उघडता उघडता म्हणालीस, "तू अशी इस्त्रीची भाषा बोलायला लागलीस की तुला काय म्हणायचं तेच मला कळत नाही. मले-तुले बोल." त्यानंतर तूच "काहून वं" शिकलीस आणि चुकीच्या जागी वापरू लागलीस. साहेबांनाही एकदा "काहून वं" म्हणालीस, आणि वं तर बायकांनाच म्हणतात. सगळं ऑफिस हसलं, साहेबही हसले.

आपलं काम बाहेर कोणाला सांगता येत नाही. लोकांना वाटतं, वजनकाटे बनवणारे म्हणजे लोखंडाचे लोक. काट्याच्या पोटात हाताएवढं कार्ड असतं, कार्डावर चिप, आणि चिपच्या आत आकडे. काटा चुकीचं वजन दाखवायला लागला की ते आकडे आत जाऊन बघायचे, हे आपलं काम. बघायचं संगणकावरच्या डीबगरमधून. त्याला आतल्या जागेचा पत्ता द्यायचा, तो त्या जागेवर काय ठेवलंय ते दाखवतो.

पहिल्याच महिन्यात मी तुझ्याकडे धावत आले होते, की शंभर नंबरच्या जागेवर असायला पाहिजे तो आकडा नाही, चिप खराब आहे. तू चहा पीत होतीस. कप खाली ठेवलाही नाहीस. "मोहल्ला कोणता?"

मी म्हटलं, चिपमध्ये कसला मोहल्ला?

"अगं, घर नंबर बारा महालात आहे, इतवारीत आहे, तुझ्या खाप्यातही असेल. पोस्टमन काय करेल?" मग कप ठेवून समजावलंस. आपल्या चिपमध्ये दोन वेगळ्या वस्त्या. एक कोरलेली, कारखान्यात एकदा लिहिलं की ते कायमचं. दुसरी चालती, बॅटरीवर जगणारी, तिच्यातलं बदलू शकतं. दोन्ही वस्त्यांचे नंबर शून्यापासून सुरू होतात. म्हणून नंबराच्या आधी एक अक्षर लावायचं, कोरलेल्या वस्तीसाठी सी, चालत्या वस्तीसाठी एक्स. अक्षर लावलं नाही तर डीबगर तुला विचारत बसत नाही. तो मनानंच सी धरतो आणि तिथलं दाखवून मोकळा होतो. "तो चूक म्हणत नाही, तेच वाईट," तू म्हणालीस. "चूक म्हणाला असता तर आपण सुधारलो असतो."

तेव्हापासून तो तुझा मंत्रच झाला. कोणी काही छातीठोकपणे सांगायला लागलं की तू शांतपणे विचारायचीस, मोहल्ला कोणता. शिपाई म्हणाला की किल्ली टेबलावर ठेवली, तर त्यालाही. तुझ्यासमोर अक्षर न लावता नंबर उघडा टाकायची कोणाची हिंमत नव्हती.

आणि देवरावच्या कार्डावर तू नंबर उघडा टाकलास, ताई.

देवराव आपला कोणी नव्हता. कळमन्यातल्या एका अडत्याकडचा मापारी, काट्यावर बसून वजन घेणारा. शेतकऱ्यांनी ओरड केली, की इथं तुरीचं पोतं भरतं कमी आणि शेजारच्या काट्यावर तेच पोतं जास्त. शेतकरी खोटे नव्हते. आपल्या माणसानं जाऊन जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं, काटा सरळ चालू लागला. मग प्रश्न राहिला एकच. जुनं कार्ड बिघडलेलं होतं, की देवराव चोरून बटण दाबून वजन मारत होता? अडत्याला उत्तर हवं होतं. देवरावला त्यानं काट्यावरून आधीच उठवलं होतं, आणि ज्याला एकानं तसा उठवला त्याला बाजारात दुसरा कोणी बसवत नाही.

कार्ड तुझ्या टेबलावर आलं. प्रत्येक काट्याचा एक आकडा असतो, एवढा दाब म्हणजे एवढं वजन हे ठरवणारा. तो कारखान्यात कोरलेला असतो, आणि काटा चालतो तो त्याच्या चालत्या नकलेवर. लक्षात राहायला सोपं जावं म्हणून दोन्ही वस्त्यांत तो शंभर नंबरलाच ठेवायचा, हे तूच ठरवलं होतंस. तू शंभर नंबर उघडलास, आकडा तंतोतंत बरोबर निघाला, आणि तू रिपोर्ट दिलास. कार्ड निर्दोष.

देवराव दोन वेळा आपल्या गेटवर आला होता. आत आला नाही. बाहेर बाभळीखाली बसला. मी डबा खाऊन हात धुवायला बाहेर गेले तर उठून उभा राहिला. म्हणाला, "बाई, मी बटणाले हात नाही लावला." एवढंच. मी हो म्हटलं आणि आत आले.

मी तुझ्याकडे आले. सांगितलं, "ताई, मले नाही वाटत तो माणूस खोटं बोलून राहिला." तू मान वर न करता म्हणालीस, वाटण्याचं सोड, आकडा बघ. मी म्हटलं आकड्यातच काही असेल. तू चिडलीस. कुलरच्या आवाजावर आवाज चढवून बोललीस, की मी तीस वर्षं हे करते आहे, तू कार्डाची वकील आहेस की त्याची? त्या एका क्षणी मला विचारता आलं असतं, तुझ्याच दोन शब्दांत, अगदी हसत. तुला तो प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मला सुचलाही नाही. खड्ड्यावर फळी टाकणाऱ्या घरातल्या पोरीला महालातल्या सुलभाताईला तो प्रश्न विचारायचा असतो हे सुचत नाही. डिग्री घेऊनही सुचत नाही. ताई, मी ह्याची लाज बाळगून आहे.

पण तू तिथं थांबली नाहीस. संध्याकाळी निघताना परत आलीस. रिपोर्ट गेलेला होता, काम संपलेलं होतं. म्हणालीस, "तुला पटलं नाही ना? मग ह्याची बॅटरी काढायची नाही." जुनी बॅटरी मरायला टेकली होती म्हणून शेजारी नवी जोडलीस, आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करनं लिहून चिकटवलंस: काढू नये, भांडण चालू आहे. दुसऱ्या दिवशी ते वाचून सगळे हसत होते. तू नव्हतीस. तुला दवाखान्यात नेलं होतं, आणि भाऊजींचा फोन आला तोवर सगळं संपलं होतं.

भांडण तसंच राहिलं.

तुझं काम मला दिलं आहे. तुझा संगणक मी तुझ्या शोकसभेच्या दिवशी सकाळी उघडला. हे मुद्दाम नव्हतं, एक दुसरं काम अडलं होतं. डीबगर सुरू केला. त्याची सवय तुला माहीत आहे. मागच्या वेळी शेवटचं जे टाकलं असेल तेच खिडकीत घेऊन तो उघडतो. पत्त्याच्या चौकटीत तू टाकलेला नंबर तसाच होता. शंभर. आधी काही नाही. खाली ओळींच्या डाव्या कडेला, अगदी बारीक, प्रत्येक ओळीपुढे सी, सी, सी. ती अक्षरं आपण कोणी वाचत नाही. रोज डोळ्यांपुढे असतात म्हणूनच वाचत नाही.

मी बराच वेळ चौकटीला हात लावला नाही. तुझ्या बोटांचं शेवटचं तेवढंच तिथं उरलं होतं, आणि मी आधी एक्स लावला की ते जाणार होतं. मग लावला. कार्ड तुझ्या चिकटपट्टीसकट टेबलावर जिवंत होतंच. आकडा बदलला. नुसता बदलला नाही, सरळ-सरळ बिघडलेला आकडा, मरत्या बॅटरीनं पाडलेला. वजन कमी दाखवणारा, आणि बटणानं हा आकडा हलत नाही. देवरावनं बटणाला हात लावला नव्हता.

ताई, मला आनंद झाला. आधी आनंद झाला. देवरावसाठी नाही. मी बरोबर होते आणि तू चुकलीस, ह्याचा. तुझ्या फोटोला दुपारी हार घालायचा होता आणि मी तुझ्या खुर्चीत बसून मनात म्हणत होते, बघ, मी म्हटलं नव्हतं? तो आनंद किती वेळ होता ते माहीत नाही. चहा आला तेव्हा मी तोंड लपवलं. चहावाल्याला वाटलं मी रडते आहे. तोही डोळे पुसत गेला.

आणि दुपारी मी बोलायला उभी राहिले. मला म्हटलं होतं की तू तिची जवळची, तू बोल. मी मोहल्ल्याची गोष्ट सांगितली. पोस्टमन सांगितला, शिपायाची किल्ली सांगितली. लोक हसले, रडले. मी म्हटलं, सुलभाताईंनी आयुष्यात एक नंबर उघडा टाकला नाही. हे वाक्य माझ्या तोंडातून सकाळच्या त्या खिडकीनंतर निघालं. ते तुझ्यावरच्या प्रेमानं निघालं असं मी स्वतःला सांगून बघितलं. खरं म्हणजे सगळे बघत होते आणि मला छान बोलायचं होतं. टाळ्या शोकसभेत वाजवत नाहीत म्हणून वाजल्या नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवलं. साहेब वाईट माणूस नाही, तू ओळखतेस. त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. मग म्हणाले, की नवीन कार्ड बसलं आहे, काटा बरोबर चालतो आहे, शेतकऱ्यांची तक्रार मिटली. ती गेली. आता तिच्या नावाखाली हे कशाला लिहायचं? त्यांनी लपव असं म्हटलं नाही. कशाला, एवढंच म्हटलं. आणि मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, दिवसभर पटलेलं होतं. तुझं नाव स्वच्छ ठेवायचं म्हणजे माझी कालची वाक्यंही खरी राहत होती, हे मी त्यात धरलेलं होतं.

संध्याकाळी महालात तुझ्या घरी गेले. तुझं नाव स्वच्छ ठेवते आहे हे सांगून आपण उपकार करायला चाललो असं वाटत होतं. भाऊजी गच्चीवर कुलरचं गवत बदलत होते. बरोबर बसत नव्हतं. म्हणाले, हे तीच करायची, मी फक्त पाणी भरायचो. मी एक बाजू धरली. गवत दाबता दाबता सांगून टाकलं. सोपं करून सांगायला लागले तर त्यांनी थांबवलं. घर नंबर आणि मोहल्ला त्यांना ठाऊक होता, जेवताना तू हजारदा सांगितलेला.

"म्हणजे तिनं मोहल्लाच सांगितला नाही?"

नाही म्हटलं.

त्यांनी हातातलं गवत खाली ठेवलं. मला वाटलं दुखावले. मग हसल्यासारखे झाले, डोळे भरलेले. म्हणाले, हे तिला कळलं असतं तर आज मला जेवायला मिळालं नसतं. आणि तुझी कढीची गोष्ट सांगितली. ती मला माहीत नव्हती. त्यांच्या साहेबांना जेवायला बोलावलं होतं, वाढून झालं होतं, आणि तुला आठवलं की मीठ दोनदा पडलं. तू पाहुण्यांच्या पुढून वाट्या ओढून घेतल्यास. थांबा, माझं चुकलं, खाऊ नका. भाऊजींना तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी ते शब्द ऐकले आणि गच्चीवरच खाली बसले, कारण मला वाटत होतं की तशी लाज फक्त आमच्या घरात असते, फळीखाली.

मी विचारलं, मग लिहू?

"लिही ना. न लिहिता कसं चालेल? तो माणूस घरी बसलाय." मग गवताची काडी मोडत म्हणाले, "फक्त ती घाईत होती असं लिहू नकोस. तब्येत बरी नव्हती असंही नको. लोक तसं लिहितात. ती घाईत नव्हती. चुकली."

मी तसंच लिहिलं. ते लिहिणं माझ्या सगळ्या शिक्षणातलं सगळ्यात अवघड लिहिणं होतं. मीही तुझ्यासाठी एक वाक्य शोधून ठेवलं होतं, की दोन्ही वस्त्यांत एकच नंबर असल्यानं असं कोणाचंही होऊ शकतं. ते खरंही आहे. पण ते देवरावच्या उपयोगाचं नव्हतं, म्हणून पहिल्या पानावरून काढून मागे टाकलं. पुढे सरळ लिहिलं: आधीच्या तपासणीत पत्ता देताना अक्षर लावले नव्हते, त्यामुळे कोरलेला आकडा वाचला गेला, चालता नाही. चालता आकडा बिघडलेला आहे. दोष कार्डाचा आहे, मापाऱ्याचा नाही. आणि त्याच्याखाली आणखी एक: बिघडलेला आकडा आजही वाचता येतो, कारण आधीच्या तपासनीसांनी आपल्या निष्कर्षाशी मतभेद असल्याचे लक्षात घेऊन कार्डाची बॅटरी मुद्दाम चालू ठेवली.

साहेबांनी वाचलं. त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. पेन मागितलं आणि सही केली.

ताई, मी रागानं, लाजेनं, कशानंही विचार केला तरी फिरून तिथंच येते. तू चिडलेली होतीस, तुला शंभर टक्के खात्री होती, तरी तू ह्या पोरीच्या नुसत्या वाटण्यासाठी परत फिरलीस आणि बॅटरी जोडलीस. माझ्या बाबांसाठी कोणी असं काही जोडून ठेवलं नव्हतं. देवरावपाशी दाखवायला जे होतं ते तू ठेवलेलं होतं, स्वतःच्याच विरुद्ध. मी जर तुझ्या जागी असते आणि खाप्याची एखादी पोर माझ्याशी तसं भांडली असती, तर मी काय केलं असतं? मला उत्तर माहीत आहे आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकली असती.

शोकसभेतलं वाक्य मी परत घेतलं. डब्याच्या वेळी सगळ्यांपुढे सांगितलं, की मी त्या दिवशी चुकीचं बोलले, ताईंनी एक नंबर उघडा टाकला होता. मग तो किल्लीवाला शिपाई म्हणाला, बाई, तेव्हा त्यांना कोणी विचारलं काहून नाही? मी म्हटलं, मीच विचारायला पाहिजे होतं. तो मान हलवून पोळी खात राहिला.

नव्या कार्डांत दोन वस्त्यांतले नंबर आता वेगळे ठेवले आहेत. लक्षात ठेवायला अवघड जातात. जाऊ देत.

रिपोर्ट घेऊन साहेब आणि मी कळमन्याला गेलो. कित्येक वर्षांनी मी बाबा हमाली करायचे त्या आवारात पाय ठेवला. अडत्यानं पहिलं पान दोनदा वाचलं आणि आमच्याकडे न बघता माणूस पाठवून देवरावला बोलावून घेतलं. देवरावनं मला ओळखलं की नाही माहीत नाही. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून आधी काट्याचा पाट पुसला.

आज सकाळी मी कार्डाची बॅटरी काढली. चिकटपट्टी तशीच आहे.

देवराव सोमवारपासून त्याच काट्यावर बसतो आहे.